दुर्गाघाट ते मैदागिन, पायी

आमच्या ह्यांचं नाव वासुदेव पाध्ये. दुर्गाघाटावर कुणाला विचारलंत तर 'दक्षिणी पंडितजी' म्हणून घर दाखवतील. चाळीस वर्षं मी ह्यांच्याबरोबर संसार करते आहे आणि त्यातली निम्मी तरी ह्यांच्यावर चिडण्यात गेली आहेत, तेव्हा नवऱ्याचे गोडवे गायला बसले आहे असं कुणी समजू नये. पण गेल्या कार्तिकात ह्यांनी एक गोष्ट केली ती कुणीतरी लिहून ठेवायला हवी. आमचा निनाद मराठी बोलतो, पण लिहायला बसला की हिंदीत शिरतो. सुनेला ते सांगताना रडू येतं. उरले मी.

ह्यांचा जन्म इथलाच. आठव्या वर्षी मुंज झाली आणि ब्रह्मा घाटावरच्या पाठशाळेत जे बसले ते बाविसाव्या वर्षी घनपाठी वैदिक होऊन उठले. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांचं तीर्थश्राद्ध, गंगापूजन, अभिषेक हे सगळं ह्यांच्याकडे. आवाज असा की खाली घाटावर मंत्र म्हणायला लागले की वरच्या गच्चीत मला ऐकू येतात. पण तो आवाज फक्त मंत्रांसाठी. एरवी गल्लीतून जाताना मान खाली, कुणाशी मोठ्यानं बोलणं नाही, आणि सोवळ्यात असले तर भिंतीला धरून चालणार, कुणाचा स्पर्श झाला की पुन्हा अंघोळ. बोलायचं ते घरात, माझ्यावर.

घरातल्या बायकांच्या गोष्टींत तर ह्यांची बोबडीच वळते. निनाद माझ्या माहेरी, सागरला झाला. हे तेव्हा नाशिकला अनुष्ठानाला गेले होते. परत यायला एकोणीस दिवस लागले आणि आल्यावर दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलले, तर "सगळं यथास्थित ना?" जसं काही कुणी सत्यनारायण घातला होता. मी ते वाक्य अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

आमची सून अंतरा ग्वाल्हेरची. इथे एका शाळेत गणित शिकवते. लग्नाला सात वर्षं झाली. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. दुसऱ्या वेळी हे आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी त्यांना म्हटलं, अहो, तिच्याशी तरी बोला, तिला वाटतं तुम्ही रागावलात. तर म्हणाले, "काय बोलू? मला येत नाही." ते खरंच होतं, म्हणून मी पुढे ताणलं नाही.

गेल्या होळीच्या सुमारास तिसऱ्यांदा कळलं. ह्यांनी त्याच दिवशी फर्मान काढलं, बाहेर एक अक्षर जाता कामा नये. शेजारी नाही, ग्वाल्हेरला नाही, फोनवर तर नाहीच. स्वतः तर 'गरोदर' हा शब्दसुद्धा उच्चारायला तयार नव्हते. "ते ठीक आहे ना?" असं विचारायचे. मी म्हणायचे, "ते म्हणजे काय, गॅसचं सिलिंडर?" तिसरा महिना सरला त्या रात्री ह्यांनी देवापुढे दिवा लावला आणि का लावला ते सांगितलं नाही. अंतरानं माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी हसलो.

पाचव्या महिन्यात मी तिची चोरचोळी केली. आपल्याकडे ही रीतच आहे, पाचव्यात गुपचूप हिरव्या खणाची चोळी द्यायची, ओटी भरायची, गाजावाजा करायचा नाही. ह्यांना ही रीत एवढी पसंत पडली की स्वतः दारात पहाऱ्याला उभे राहिले. समोरच्या घरातल्या बाईंनी विचारलं, "पंडितजी, ऐसे क्यों खड़े हैं?" तर म्हणाले, "हवा खा रहा हूँ." जूनमधली काशी, बेचाळीस अंश, आणि हे हवा खातायत. अंतराचं पोट तोवर चांगलं दिसायला लागलं होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. भाजीवाला तिच्या पिशवीत दोन लिंबं जास्त टाकायचा. फक्त ह्यांना वाटत होतं की गुपित आपल्यापाशी आहे.

सहाव्या महिन्यात डॉक्टर हिमानींनी सांगितलं की रक्तदाब थोडा वर जातोय. रोज सकाळी सपाट रस्त्यानं चालायचं, मीठ कमी, प्रवास बंद. म्हणजे माहेरी जायचं राहिलं. आणि आणखी एक गोष्ट सांगितली. कळा सुरू झाल्या की तासाभरात इस्पितळात पोचायचं, घरी वाट बघत बसायचं नाही. "तुम्ही राहता कुठे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुर्गाघाट. त्या लिहिता लिहिता थांबल्या. आमच्या गल्ल्यांत मोटार येत नाही. रिक्षा येत नाही. घरातून तीन मजले उतरायचे, मग गल्लीच्या पायऱ्या चढायच्या, वळणावळणांनी मैदागिनला निघायचं, तिथे पहिला रस्ता. धडधाकट माणसाला वीस मिनिटं. सणासुदीला किती ते बाबा विश्वनाथालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून हे सुनेबरोबर चालायला जायला लागले. बरोबर म्हणजे तिच्या दहा पावलं पुढे, मागे न बघता, जणू काही हिचा आपला संबंध नाही. पण मध्ये सांड आडवा बसलेला दिसला की ह्यांची छत्री त्याच्या पाठीत. कुणाची मोटारसायकल गल्लीत आडवी लावलेली दिसली की थांबून, ती सरळ करून, पुढे. सपाट रस्ता तर आमच्याकडे नाहीच, तेव्हा अंतरा पायऱ्यांवरच चालायला शिकली. एका पायरीवर श्वास घ्यायचा, दुसरीवर सोडायचा. गणिताची बाई, तिनं त्याचंही कोष्टक केलं.

सातव्यात, श्रावणात, डोहाळजेवण. लपवाछपवीची मुदत एकदाची संपली. माझ्या मनात होतं नावेतलं डोहाळजेवण करावं. लोक पुण्यामुंबईला पुठ्ठ्याची नाव करून त्यात गर्भारशीला बसवतात, आमच्या दारात खरी गंगा आणि खऱ्या नावा. पण गंगाच घाटाच्या पायऱ्या चढून वर आलेली, नावा बंद. मग गच्चीवर झोपाळा बांधला, फुलांची वाडी भरली, दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी बायका आल्या, गाणी झाली. हे जिन्यात बसून ऐकत होते. सगळ्या गेल्यावर मला म्हणाले, "नावेचं तू म्हणालीस ते बरोबर आहे. तेव्हा तिला नावेनंच न्यायचं. पायऱ्या उतरल्या की नाव, नावेतून राजघाट, तिथे गाडी. ना गर्दी, ना चढ."

मी प्रथमच म्हटलं, अहो, काय डोकं आहे तुमचं. आणि मनापासून म्हटलं, कारण डॉक्टरांनी तारीख दिली होती दहा नोव्हेंबर. पाच तारखेला देवदीपावली. त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस आमच्या गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते, जगभरची माणसं दिवे बघायला येतात.

आता इथे मला पंचांगाचं थोडं सांगावं लागेल. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात आपला त्यांचा महिना एकच, पण वद्य पक्ष आला की ते आपल्या एक महिना पुढे. गोकुळाष्टमी आपली श्रावण वद्य अष्टमी, तीच यांची भादों बदी अष्टमी. दिवस तोच, नाव वेगळं. काशीतल्या मराठी भिक्षुकाला हे झोपेतही येतं. महाराष्ट्रातला यजमान म्हणतो, वडिलांची तिथी माघ वद्य नवमी, तर हे घाटावरच्या माणसाला न अडखळता सांगतात, फागुन बदी नवमी. चाळीस वर्षांत ह्यांची एकदाही चूक झालेली नाही. मी साक्षीला आहे.

दहा नोव्हेंबर म्हणजे आपली कार्तिक वद्य षष्ठी; प्रतिपदेला इथे परिवा म्हणतात, षष्ठीला छठ. पितृपक्षात घाटावर हे विष्णु नावेवाल्याला गाठून म्हणाले, "विष्णु, कातिक बदी परिवा से छठ तक तुम्हारी नाव यहीं बँधी रहे. कहीं जाना मत. बहू को ले जाना है." विष्णु म्हणाला, "पंडितजी, आपने कह दिया, बस." आणि हे आनंदानं घरी आले. मला सांगितलं, अंतराला सांगितलं, निनादला फोन करून सांगितलं. निनाद रेल्वेत आहे, मुगलसरायला. सगळे निर्धास्त.

कोजागिरी झाली. दुसऱ्या दिवसापासून गच्चीतून मला खाली विष्णुची नाव दिसायला लागली. मला वाटलं, काम नसेल. दोन दिवस झाले, तीन झाले, चार झाले. नाव तिथेच, विष्णु तिच्यात बसलेला, कधी जाळं शिवतोय, कधी झोपलाय. सहाव्या दिवशी संध्याकाळी तो जिना चढून वर आला आणि दारात उभा राहिला.

"पंडितजी, छठ भी हो गई. बहू को कब ले चलना है?"

हे संध्येला बसायच्या तयारीत. हसून म्हणाले, "अरे, अभी कहाँ. अभी तो महीना भर है."

विष्णु म्हणाला, "आप ही तो बोले थे, कातिक बदी. हम परिवा से बैठे हैं. परसों करवा चौथ थी, मेरी घरवाली चाँद देखकर पानी पीने नाव पर आई. मैं घर नहीं गया."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. ह्यांच्या हातात पळी होती, ती तशीच राहिली. मला कळलं आणि ह्यांनाही त्याच क्षणी कळलं. आपला कार्तिक वद्य म्हणजे इथला अगहन, मार्गशीर्ष बदी; यांचं कातिक बदी कोजागिरी होताच सुरू झालं होतं. जगाच्या तिथ्या बिनचूक फिरवणाऱ्या माणसानं घरच्या नातवंडाचं बोलताना घरचाच महिना सांगितला होता. 'वद्य'चं 'बदी' केलं, महिना बदलायचं राहून गेलं.

विष्णु बिचारा भला माणूस. ओशाळून म्हणाला, "अब तो पूर्णिमा से पाँच दिन की सवारी ले ली है, पंडितजी. जुबान दे दी. मुझे लगा आपका काम तब तक हो जाएगा."

हे उठले. त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता त्याच्यावर उखडतील. तर म्हणाले, "जुबान दी है तो निभाओ. गलती मेरी है."

चाळीस वर्षांत त्या घरात मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. तेही हिंदीत, नावेवाल्याला. मराठीतलं मी अजून ऐकायची आहे.

मग शोधाशोध झाली, पण देवदीपावलीला काशीत नाव मिळणं म्हणजे आभाळातला चंद्र मिळणं. निनाद म्हणाला, पौर्णिमा सरली की सहा तारखेला पहाटे अंतराला मैदागिनला त्याच्या मित्राच्या घरी नेऊ, तिथून इस्पितळ गाडीनं पाच मिनिटांवर. मी म्हटलं, चार तारखेलाच नेऊ. पण तीन तारखेला डॉक्टर हिमानींनी तपासलं आणि म्हणाल्या, अजून आठवडा सहज आहे. अंतराला पौर्णिमा घरी हवी होती. हेही म्हणाले, सणाचं घरचं माणूस बाहेर कशाला. मी एकटी पडले आणि गप्प बसले, त्याचं मला पुढे फार वाईट वाटलं. ह्यांनी तेवढ्यात चारदा मैदागिनपर्यंत जाऊन पायऱ्या मोजल्या होत्या. कुठे वाट रुंद आहे, कुठे ओटा आहे, कुठे तिला टेकता येईल, सगळं पाठ केलं होतं. ऋचा पाठ करतात तसं.

पौर्णिमेला दुपारी आम्ही दोघी त्रिपुरवाती वळत बसलो होतो. साडेसातशे वातींपैकी चारशेच्या आसपास झाल्या होत्या. अंतरानं हातातली वात खाली ठेवली आणि भिंतीला टेकली.

"आई, मला वाटतं सुरू झालं."

"कधीपासून?"

"सकाळी कमर दुखत होती. आता दस-दस मिनटांनी येतंय." घाबरली की तिची हिंदी वर येते.

तीन वाजले होते. निनादला फोन केला. त्याची ड्यूटी, गंगेपलीकडे, राजघाटचा पूल वाहनांना बंद. त्यानं ॲम्ब्युलन्सची सोय केली, ती मैदागिनला उभी राहणार होती, त्याच्या पुढे येऊ शकत नव्हती. मी गच्चीतून खाली बघितलं. गल्ली दिसतच नव्हती, नुसती डोकी.  दोनदा गेलेली ती दोन माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मला वाटलं, हेही आता असंच या गल्लीत जाणार.

हे देवघरात होते, पूजेनंतरच्या सोवळ्यात, कद नेसलेले, अंगावर उपरणं. अंतरा दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, चलायचं."

हे उठले. पंचांगाकडे बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही, कपडे बदलले नाहीत. "चला," म्हणाले. मी पिशवी घेतली आणि आम्ही तिघं उतरलो.

दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि अडकलोच. माणसांची भिंत. कुणी पणत्यांच्या टोपल्या घेऊन चाललंय, कुणी मोबाइल वर धरून शूटिंग करतंय, कुणी घाटाकडे, कुणी घाटाकडून. हे पुढे झाले आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "जरा रास्ता दीजिए." कुणी ऐकलं नाही. पुन्हा म्हणाले. एका माणसानं ह्यांचा कद आणि भस्म बघून ह्यांचाच फोटो काढला. दहा पावलं जायला पाच मिनिटं लागली. अंतराला कळ आली, तिनं पानवाल्याच्या फळीला दोन्ही हातांनी धरलं, मान खाली घातली आणि ओठ चावला. पानवाला चाळीस वर्षांचा ओळखीचा. त्यानं तिच्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि बनारसी माणसाला संकटातही जे सुचतं ते बोलला, "पंडितजी, 'राम नाम सत्य है' बोल दीजिए. गली अपने आप खाली हो जाएगी."

खोटं नव्हतं ते. आमच्या गावात प्रेताला वाट मागावी लागत नाही. राजा असो नाहीतर सांड, भिंतीला लागतो. पण ह्यांचा चेहरा असा लाल झाला की पानवाल्यानं जीभ चावली. हे वळले. छाती भरून श्वास घेतला, आणि घाटावरचा तो आवाज, मंत्रांसाठी राखलेला, गल्लीत सुटला.

"हटिए! रास्ता दीजिए! हमारी बहू को ले जा रहे हैं! बच्चा आ रहा है!"

 ज्या माणसानं नऊ महिने घरातसुद्धा तो शब्द उच्चारला नाही, तो भर गल्लीत, हजार माणसांत, ओरडून सांगत होता. "बच्चा आ रहा है! हट जाइए, बच्चा आ रहा है!" आणि नुसतं ओरडत नव्हते. दोन्ही हातांनी माणसं बाजूला सारत होते. कुणाच्या घामट पाठीवर हात, कुणाच्या खांद्यावर हात. सोवळं कुठल्या कुठे गेलं.

पानवाला फळीवर उभा राहून पुढे ओरडला, "ए कचौड़ी वाले! रास्ता दे, बच्चा आ रहा है!" कचोरीवाल्यानं ते साडीवाल्याला दिलं, साडीवाल्यानं पुढे तांब्यापितळेच्या दुकानाला. आम्ही पोचायच्या आधी आमची बातमी पोचत होती. दुकानदारांनी ओटे आवरले, मोटारसायकली उचलून आत घेतल्या. बाहेरगावची माणसं आपोआप भिंतीला चिकटायला लागली. कुणीतरी "हर हर महादेव" म्हटलं आणि सगळी गल्ली म्हणाली. अंतरा मध्ये मध्ये थांबत होती. एका पायरीवर श्वास, दुसरीवर सोडायचा. मी तिचा दंड धरला होता, पण चालत होती ती स्वतः. हे दहा पावलं पुढे नव्हते आता. एक पाऊल पुढे, आणि दर चार पावलांनी मागे वळून तिच्याकडे बघत होते.

चौखंबाच्या अलीकडे एक वळण आहे. तिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला आडवं व्हावं लागतं. त्या वळणावर आम्ही पोचलो आणि पलीकडून आवाज आला, "राम नाम सत्य है."

प्रेताची ताटी होती. गायघाटाकडून मणिकर्णिकेला निघालेली, सहा-सात माणसं. आमच्या मागे गर्दी बंद झाली होती, मागे जायला जागा नव्हती. प्रेताला थांबवायचं नाही, हे इथल्या लहान पोराला कळतं. आणि गर्भारशीनं प्रेत बघायचं नाही, हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं आणि मी अंतराला. ह्यांनी पटकन अंगावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांत ताणलं आणि अंतराच्या पुढे आडवं धरलं.  ह्यांचा आवाज पहिल्यांदाच बसला. हे तसेच हात ताणून उभे राहिले.

पुढचा खांदेकरी पन्नाशीचा असेल. मुलगाच असणार, डोळे सुजलेले. त्यानं विचारलं, "क्या हुआ?" आणि गर्दीतून चार जणांनी एकदम सांगितलं. तो क्षणभर थांबला. मग मागे वळून आपल्या माणसांना म्हणाला, "रुको. अम्मा को दीवार से लगाओ. पहले बहू को निकालो."

त्यांनी ताटी खांद्यावरून वर उचलली आणि एका बंद दरवाज्याच्या खोबणीत भिंतीशी सरकवली. तिरडीखाली दोन माणसं वाकून उभी राहिली. वाट झाली, एका माणसापुरती.

अंतरानं हातानं उपरणं खाली केलं. मी "अगं" म्हणेपर्यंत तिनं त्या ताटीला दोन्ही हात जोडले, आणि मग पुढे झाली. ह्यांनी तिला अडवलं नाही. तिच्या मागून हे गेले, ह्यांचा खांदा बांबूला घासला. मागून मी. आम्ही वळण ओलांडल्यावर पाठीमागे पुन्हा "राम नाम सत्य है" सुरू झालं.

मैदागिनला ॲम्ब्युलन्स होती. घरातून निघाल्यापासून पन्नास मिनिटं झाली होती. इस्पितळात रक्तदाब बघून परिचारिका धावली. संध्याकाळी सातला मुलगी झाली, दोन किलो आठशे. डॉक्टर हिमानी बाहेर येऊन म्हणाल्या, आणखी अर्धा-पाऊण तास उशीर झाला असता तर मी तुम्हाला काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. निनाद नऊला पोचला, पूल पायी ओलांडून. हे बाकावर बसले होते. उघडे, कदावर शाईचे, तेलाचे, पानाचे डाग. मी विचारलं, "घरी जाऊन अंघोळ करून येता का?" म्हणाले, "नंतर." मग कदावरचा एक डाग नखानं खरवडत म्हणाले, "तुझ्या वेळी मी यायला हवं होतं."

मी पिशवीतली शाल काढून ह्यांच्या उघड्या अंगावर टाकली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी हे घरी परतले ते त्याच गल्लीनं. वीस मिनिटांच्या वाटेला ह्यांना दीड तास लागला. तांब्यापितळेच्या दुकानापासून पानवाल्यापर्यंत प्रत्येकाला थांबून सांगितलं, "लड़की हुई है. दोनों ठीक हैं." नऊ महिन्यांचं तोंड एका सकाळी उघडलं. आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारला, काल वळणावर भेटली ती ताटी कुणाची होती? पानवाल्याला ठाऊक होतं. गायघाटाजवळ दुधाचा धंदा करणारं घर, त्यांची म्हातारी.

बाराव्या दिवशी आमच्याकडे बारसं झालं, मुलीचं नाव अवनी ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या घरी तेरावा होता. हे मला म्हणाले, "चल." नेलं काही नाही. दुःखाच्या घरी काय नेणार?

अंगणात पंगत उठत होती. तो मुलगा, आता डोकं भादरलेला, पुढे आला. ह्यांना ओळखलं नाही, पोशाखावरून समजला की दक्षिणेसाठी कुणी आलंय. म्हणाला, "पंडितजी, हमारे पुरोहित तो आ गए हैं."

हे म्हणाले, "मैं पुरोहित बनकर नहीं आया. बताने आया हूँ. उस दिन आपने जिसको रास्ता दिया था, लड़की हुई है. दोनों अच्छी हैं."

त्या माणसानं आत हाक मारून बायकोला बोलावलं. तिला सांगितलं. ती पदर तोंडाशी धरून हसली आणि रडली. ह्यांनी हात जोडले तसे त्यानं ते धरले.

"हाथ मत जोड़िए, पंडितजी. हमने क्या किया. अम्मा जिंदगी भर यही करती रही, पहले दूसरे को निकालो. गली हो चाहे थाली. उस दिन भी वही रुकी होगी."

भिंतीशी पाटावर तिचा हार घातलेला फोटो होता. ह्यांच्या पायावर डोकं ठेवायला लोक महाराष्ट्रातून येतात. हे त्या फोटोपुढे गुडघे टेकून बसले आणि कपाळ जमिनीला लावलं. मग उठून विचारलं, "अम्मा का नाम?"

"फुलेसरी देवी."

"गोत्र?"

"वह तो हमको नहीं मालूम."

"कोई बात नहीं," हे म्हणाले. "जिसका न मालूम हो, उसका कश्यप."

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या पाठोपाठ मी घाटावर गेले, मुद्दाम. गार वारं होतं. हे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तर्पण करत होते. वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं, पणजोबांचं. आईचं घेतलं, आणि पाण्याची ओंजळ पुन्हा भरून म्हणाले, कश्यपगोत्रा फुलेसरी. मोठ्यानं म्हणाले, मला पायरीवर स्पष्ट ऐकू आलं.